घाई नसलेला योगवर्ग

(आकाशवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे कुणाचे गुडघे, कंबर किंवा मान दुखू लागली की भेटणारा प्रत्येक जण एक सल्ला देतो, ‘योगा सुरू करा.’ सल्ला चांगलाच असतो. पण तो ऐकून पन्नाशीतले माणूस वर्गाला जाते, तिसऱ्या दिवशी अंग धरून घरी बसते आणि चौथ्या दिवसापासून सांगू लागते, ‘ते आपले काम नाही.’ असे सांगणाऱ्यांत दोन वर्षे मीही होते. म्हणून आज मला योगाच्या एका साध्या प्रकाराविषयी बोलायचे आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, वयस्कांसाठी, अंग आखडलेल्यांसाठी जे संथ वर्ग चालतात, त्यांच्याविषयी.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती माझ्या एकटीची नाही. आमच्या नमाजात सजदा असतो. गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचे आणि पुन्हा उठायचे. दिवसाच्या पाच वेळांतली फक्त फर्ज नमाज धरली तरी ३४ सजदे होतात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझे गुडघे याला नकार देऊ लागले. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो पाहून सांगितले, झीज सुरू झाली आहे. वजन आटोक्यात ठेवा, मांड्यांचे स्नायू मजबूत करा. मी खुर्चीवर बसून नमाज अदा करू लागले. आजारी माणसाला धर्माने ती मुभा दिलेली आहे. तरीही रोज पाच वेळा मन खट्टू व्हायचे.

मग जळगावात एका वर्गाला गेले. तो कोणता, हे इथे महत्त्वाचे नाही. शंभरावर माणसे, ध्वनिक्षेपक, मंचावर लवचीक अंगाचे शिक्षक. पहिल्याच दिवशी सूर्यनमस्कारांचे आकडे मोजले जाऊ लागले. मी शेजारणीकडे पाहत, जमेल तसे तिच्यामागे धावत होते. चौथ्या की पाचव्या आकड्याला पोटरीत चमक निघाली आणि मी भिंतीशी जाऊन बसले. कुणी हसले नाही, पण लाज वाटायची ती वाटलीच. दुसऱ्या दिवशी गेले नाही.

दोन वर्षांनी धुळ्याला गेले होते. देवपुरात माझी मोठी बहीण, आपा, राहते. ती मला ओढतच आपल्या कॉलनीच्या छोट्या सभागृहात घेऊन गेली. पंधरा-सोळा बायका होत्या, निम्म्या साठीच्या पुढच्या. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली सतरंज्या, कोपऱ्यात उशा, घडी घातलेल्या चादरी आणि जुन्या ओढण्या. शिकवणाऱ्या ताईंनी पहिली वीस मिनिटे आम्हाला खुर्चीवरून उठूच दिले नाही. पायाची बोटे मिटा, उघडा. घोटा फिरवा, आधी इकडे, मग तिकडे. मला वाटले, ही काय थट्टा आहे! शेजारच्या आजी अहिराणीत म्हणाल्या, ‘मना पाय दुखतस व माय.’ ताई शांतपणे म्हणाल्या, ‘दुखायच्या अलीकडे थांबा, आजी. तिथपर्यंत जेवढं होतं, तेवढंच आपलं आजचं आसन.’

हे वाक्य मी घरी घेऊन आले. संथ वर्गाचे सारे शास्त्र त्यात आले आहे, हे मला हळूहळू कळत गेले.

सावकाश का करायचे, याची कारणे शरीरातच आहेत. आपल्या स्नायूंमध्ये ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते. स्नायू झटक्याने ताणला गेला की ती मज्जारज्जूकडे निरोप धाडते आणि स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी आखडतो. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ती हीच क्रिया. म्हणजे आपण झटका देऊन पायाचे अंगठे पकडायला जातो, तेव्हा आपलेच अंग आपल्याविरुद्ध ओढत असते. तोच ताण सावकाश दिला तर हा निरोप मंद असतो. तिथे चार-पाच श्वास थांबले की अंग तो ताण सोसू लागते आणि स्नायू थोडा सैल होतो. उद्या बोट अर्धा इंच पुढे जाते, ते यामुळे.

दुसरे कारण श्वासाचे. मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घेऊन पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. श्वास सोडायला जरा जास्त वेळ दिला की हृदयाला आणि मनाला उसंत मिळते. संथ वर्गात प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली असते. श्वास घेत हात वर, सोडत हात खाली. त्यामुळे वेग श्वास ठरवतो. शिक्षकाचा आकडा किंवा शेजारणीची चपळाई ठरवत नाही. श्वास तुटू लागला, किंवा आपण तो नकळत रोखून धरला, की समजायचे, आपण आपल्या मर्यादेच्या पुढे गेलो.

तिसरे कारण असे की सगळे शरीर एकाच गतीने तयार होत नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतात. पण स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यांना अधिक काळ लागतो. पहिल्या महिन्यातला उत्साह म्हणूनच जपून वापरायचा असतो.

आता असा वर्ग तासाभरात काय करतो ते सांगते. पहिली पाच मिनिटे नुसते बसून आपला श्वास पाहायचा. मग खुर्चीवरच बोटे, घोटे, गुडघे, मनगटे, खांदे आणि मान यांच्या हलक्या हालचाली. याला कुणी सूक्ष्म व्यायाम म्हणतात, कुणी शिथिलीकरण. त्यानंतर उभ्याने ताडासन, कटिचक्रासन. तोल जात असेल तर खुर्चीची पाठ धरून किंवा भिंतीला टेकून. मग ज्यांना खाली बसता येते त्यांच्यासाठी मार्जारासन, म्हणजे मांजरीसारखी पाठ वर-खाली करणे. पालथे झोपून लहानसे भुजंगासन, उताणे झोपून पवनमुक्तासन आणि सेतुबंधासन. प्रत्येक दोन आसनांमध्ये विसावा. पुढे अनुलोम-विलोम, श्वास न कोंडता, आणि भ्रामरी. शेवटी दहा मिनिटे शवासन. आमच्या वर्गात शवासनात बायका घोरतात. ताई त्यांना उठवत नाहीत. आजारी नसताना भरदिवसा दहा मिनिटे आडवे होण्याची आपल्याकडच्या बायकांना सवयच नसते.

ज्या वस्तू मला पहिल्या दिवशी अडगळ वाटल्या होत्या, त्या खऱ्या मदतनीस निघाल्या. पाय वर उचलताना तळव्याला ओढणी अडकवून दोन्ही टोके हातात धरली की कंबरेवर भार येत नाही. वज्रासनात बसताना टाचा आणि बैठक यांच्यामध्ये उशी ठेवली की गुडघ्यांवरचा दाब हलका होतो. नमाजात आम्ही बसतो ते जवळजवळ वज्रासनच. त्यामुळे ही उशीची युक्ती मी त्याच संध्याकाळी जानमाजवर वापरून पाहिली.

अशा आधारांचा पद्धतशीर उपयोग महाराष्ट्राने जगाला शिकवला, असे म्हटले तर चूक नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले. लहानपणी ते मलेरिया आणि क्षयाने खंगलेले होते. ताठरलेले, दुबळे शरीर म्हणजे काय हे त्यांना स्वतःवरून माहीत होते. पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या यांच्या आधाराने आजारी आणि वृद्ध माणसालाही आसनापर्यंत पोहोचवण्याची रीत त्यांनी घडवली. पुण्यातली त्यांची संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. त्या पद्धतीत शिस्त कडक असते. पण खुर्ची घेणे म्हणजे कमीपणा नव्हे, हे तिने जगभर मान्य करून घेतले.

काहींना वाटते, संथ योग म्हणजे मूळ योगाची पातळ केलेली आवृत्ती. जुने ग्रंथ तसे सांगत नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आसपास सूत्रे आहेत. त्यांतली जेमतेम तीन आसनाविषयी आहेत, आणि त्यांचा आशय असा की आसन स्थिर व सुखाचे असावे आणि ते प्रयत्नाचा ताण सैल केल्याने साधते. पंधराव्या शतकातली ‘हठप्रदीपिका’ योगाचा नाश करणाऱ्या गोष्टी मोजते, तेव्हा अतिश्रमाला त्यात जागा देते. तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, रोगी, दुर्बल, या सगळ्यांना अभ्यासाने सिद्धी मिळते, असेही तिचे म्हणणे आहे. ज्याला हठयोग म्हणतात त्याच्याच ग्रंथात हट्टाला मनाई आहे.

आपल्या खान्देशाचाही या परंपरेशी संबंध आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. आधुनिक काळात योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे १९१६पासून काही वर्षे अमळनेरला होते. खान्देश एज्युकेशन सोसायटीत ते शिकवत, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. याच काळात ते बडोद्याजवळच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. पुढे १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. क्ष-किरण आणि मोजमापाची साधने घेऊन, आसनाने शरीरात काय होते ते त्यांनी तपासायला सुरुवात केली. जोर आणि झटके टाळून, सावकाश आसन करण्यावर त्या परंपरेचा भर राहिला. धुळ्याची आठवण तर अनेकांना असेलच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ध्यानयोगाच्या सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी जीवनातल्या मोजकेपणावर, परिमिततेवर भर दिला होता. आसनालाही तोच मोजकेपणा लागू पडतो.

वेगवान योग वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि आपल्या आजोबांच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांची शरीरे त्यावर घडली. तरण्या, निरोगी अंगाला तो उत्तम व्यायाम आहे. अडचण होते ती विशीतल्या मुलाचा व्यायाम साठीच्या आजीला पहिल्याच दिवशी दिल्याने. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो. मैदाने भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण २२ जूनला त्या मैदानातली किती माणसे चटई उलगडतात, याचे उत्तर सुरुवात किती सावकाश झाली यावर पुष्कळ अवलंबून असते.

माझ्यासारख्या मुस्लिम बाईच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तोही मोकळेपणाने बोलते. वर्गात प्रार्थना असेल, मंत्र असेल. आपण काय करायचे? आमच्या ताईंनी तो पहिल्याच दिवशी सोडवला. ‘ज्याला जे नाव जवळचं, ते मनात घ्या. नाहीतर नुसता श्वास मोजा.’ भ्रामरीत तर शब्दच नसतो, भुंग्यासारखा गुंजारव असतो. आणि हा संवाद काही आजचा नाही. अकराव्या शतकात अल्बेरुनीने पतंजलींचा ग्रंथ अरबीत नेला. सोळाव्या शतकात शत्तारी पंथाचे सूफी शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी ‘बहरुल हयात’ या फारसी ग्रंथात योग्यांची आसने आणि श्वासाच्या क्रिया समजावून दिल्या. त्याच शत्तारी पंथाचे पुढे मोठे केंद्र झाले ते बऱ्हाणपूर, म्हणजे आपल्या जुन्या खान्देशाची राजधानी. हे कळल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली भीड गेली.

आता थोडे सावधगिरीचे. योग हे औषध नव्हे. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी वर्गाच्या भरवशावर बंद करू नये. रक्तदाब वाढलेला असेल, किंवा काचबिंदू असेल, तर डोके खाली जाणारी आसने टाळावीत. हाडे ठिसूळ झाली असतील तर कंबरेतून खोल पुढे वाकू नये. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असताना कपालभाती करू नये. शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. शवासनातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने बसावे. एकदम उठले तर चक्कर येते. जुनाट कंबरदुखीवर योगाचा काय उपयोग होतो, याच्या प्रयोगांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. काहींचे दुखणे मात्र वाढलेही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आणि चालणे सोडू नये. संथ आसने चालण्याची जागा घेत नाहीत.

वर्ग निवडताना मी आता चार गोष्टी पाहते. शिक्षक पहिल्या दिवशी आजार आणि औषधे विचारतात का? खुर्चीवर बसून करण्याची मोकळीक आहे का? शिक्षकांचे लक्ष प्रत्येकाकडे जाईल इतकीच माणसे आहेत का? आणि ‘आज एवढेच’ असे म्हणण्याचा हक्क शिकणाऱ्याला आहे का? चारही उत्तरे ‘हो’ असतील तर फलकावर नाव कोणतेही असो, वर्ग चांगला.

आपल्या भागाच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा वर्ग पहाटेच हवा. हिवाळ्यात उलट. धुळ्याच्या थंडीत सांधे सैल करायला जास्त वेळ द्यावा लागतो. पोट रिकामे असावे, हे सांगायला नको. पण भरीत-पुरीचा बेत झाला की दुसऱ्या सकाळी आमचा अर्धा वर्ग गैरहजर असतो, हे खरे आहे.

एक खंत मात्र आहे. धुळ्याहून परतल्यावर आम्ही मेहरूण भागातल्या सात-आठ जणींनी एका प्रशिक्षित ताईंना बोलावून असाच वर्ग सुरू केला. आम्ही शहरातल्या, घरी पंखा असलेल्या बायका. जिला याची सर्वांत जास्त गरज आहे, ती दिवसभर वाकून कापूस वेचते. तिला कुणी ‘व्यायाम करा’ म्हटले की ती हसते, आणि तिचे हसणे रास्तच आहे. पण श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमात अंग एकाच बाजूला, हजार वेळा वाकते. तिच्या पाठीला हवे असते ते उलट्या दिशेचे वळण, म्हणजे पालथे झोपून हलकेसे भुजंगासन, आणि मग दहा मिनिटांचा विसावा. हे शिकवायला मोठे सभागृह लागत नाही. गावातली शाळेची एक खोली, समजूतदार शिक्षिका आणि संध्याकाळचा अर्धा तास पुरेल. तो अर्धा तास तिला घरातून मिळणे, हेच खरे अवघड आसन आहे.

माझ्या गुडघ्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चमत्कार झाला नाही. झीज आहे तिथेच आहे. पण मांड्यांत बळ आले आणि भीती गेली. पहाटेच्या फजरला अजून खुर्ची लागते, कारण रात्रभरात सांधे आखडलेले असतात. दुपारच्या जोहरला मात्र बहुतेक दिवस खाली बसते आणि कपाळ जमिनीला टेकते. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी खुर्ची ओढून घेते आणि आता मन खट्टू होत नाही.

उद्या सकाळी चहाआधी खुर्चीवर बसा. पाठ सरळ ठेवा. उजवा घोटा पाच वेळा इकडे, पाच वेळा तिकडे फिरवा, मग डावा. श्वास मोकळा ठेवा. दुखायच्या अलीकडे थांबा. पहिल्या दिवसाचा वर्ग एवढाच असतो.